दंडाची नोटीस घरपोच, हक्काची मात्र शोधावी लागते

सरकारी हुकमाने धंद्याचं गणित एका रात्रीत फिरतं, हे कल्याणकरांना आजचं नाही. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी' नावाची एक ग्रीक मार्गदर्शिका लिहिली गेली. हिंदी महासागरात व्यापार करणाऱ्यांसाठी ती होती. त्यात कल्याण बंदराची नोंद आहे. थोरल्या सारगन राजाच्या काळात कल्याण हे रीतसर परवानगी असलेलं बाजारबंदर होतं. पुढे ते सांदानेस नावाच्या सत्ताधीशाच्या ताब्यात गेलं आणि तिथल्या व्यापारावर निर्बंध आले. एखादं ग्रीक जहाज चुकून तिथे लागलंच, तर त्याला पहाऱ्यात भडोचला नेलं जाईल, असा इशाराही त्यात आहे. राजा बदलला, धोरण बदललं आणि मालाची वाट बदलली!

ठाणे, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यात आज नियम त्याहून झपाट्याने बदलतायत. गेल्या दोन-तीन वर्षांतच दुकानाची पाटी, कामाचे तास, जीएसटीचे दर, कामगार कायदे आणि उधारीची मुदत, सगळं हललं. यातले बरेचसे बदल लहान व्यावसायिकाच्या बाजूचे आहेत, पण ते त्याला कुणी सांगत नाही. दंडाची नोटीस पोस्टमन आणून देतो, हक्काची नोटीस मात्र कुणीच काढत नाही. म्हणून ही खमंग भेळ.

रात्री दोनला साबण विकता येतो

दुकानं रात्री अमुक वाजता बंद व्हायलाच हवीत, अशी अनेकांची पक्की समजूत आहे. महाराष्ट्राचा दुकानं आणि आस्थापनांचा नवा कायदा १९ डिसेंबर २०१७ पासून लागू आहे आणि त्याने वर्षाचे ३६५ दिवस दुकान उघडं ठेवायला मुभा दिली आहे. तरीही ठिकठिकाणी दुकानदारांना अडवलं जात होतं. शेवटी १ ऑक्टोबर २०२५ ला सरकारला स्वतंत्र आदेश काढून सांगावं लागलं की दुकानं, हॉटेलं चोवीस तास चालू ठेवता येतील. बार, परमिट रूम, हुक्का पार्लर अशांना ही सवलत नाही.

अट एकच, पण ती महत्त्वाची आहे: दुकान सातही दिवस चालू राहिलं तरी प्रत्येक कामगाराला आठवड्यात सलग २४ तासांची सुट्टी मिळायलाच हवी. सुट्टीचा हक्क माणसाचा आहे, शटरचा नाही. दिवाळीच्या पहाटे डोंबिवलीचा फडके रोड तरुणाईने फुलतो, तेव्हा आदल्या रात्रीपासून उघड्या असलेल्या दुकानातल्या पोरांनाही हे माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.

आणखी एक बदल. राज्य मंत्रिमंडळाने ३ सप्टेंबर २०२५ ला या कायद्यात दुरुस्ती करायचं ठरवलं. त्यानुसार २० पेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनेला नोंदणी प्रमाणपत्राची गरज नाही, नुसती ऑनलाइन सूचना पुरे. आधी ही मर्यादा १० होती. त्याच निर्णयात दिवसाचे कामाचे तास ९ वरून १० झाले आणि ओव्हरटाइमची तिमाही मर्यादा १२५ तासांवरून १४४ वर गेली. मालकाला कागद कमी झाला, कामगाराचा दिवस तासाने लांबला. दोन्ही बाजू सांगायलाच हव्यात.

पाटीवरची मराठी किती मोठी?

इतर कुठल्याही लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नको, इतकी! ठळक मराठी पाटीचा नियम पूर्वी १० किंवा जास्त कामगारांच्या दुकानांनाच होता. २०२२ च्या दुरुस्तीने तो कोपऱ्यावरच्या एकट्या दुकानदारालाही लागू झाला. किरकोळ व्यापाऱ्यांची संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेली. फेब्रुवारी २०२२ मध्ये न्यायालयाने याचिका फेटाळली, वर २५ हजार रुपये भरायला लावले. मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथे २५ सप्टेंबर २०२३ ला दोन महिन्यांची मुदत मिळाली. समोर दसरा-दिवाळी होती. वकिलावर खर्च करण्यापेक्षा पाटीवर करा, असाच त्या सुनावणीतला सूर होता.

याच दुरुस्तीतली एक गोष्ट फारशी बोलली गेली नाही. जिथे मद्य विकलं किंवा दिलं जातं, त्या दुकानाला थोर स्त्री-पुरुषांची किंवा गडकिल्ल्यांची नावं देता येत नाहीत.

घटस्थापनेला आलेला जीएसटी

२२ सप्टेंबर २०२५ ला घटस्थापना होती आणि त्याच दिवशी जीएसटीचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे गेले. आता मुख्य दर ५ आणि १८, शिवाय चैनीच्या आणि अपायकारक वस्तूंसाठी ४०. वह्या, पेन्सिली, खोडरबर आणि नकाशे शून्यावर आले. पाकीटबंद पनीर शून्यावर, खाकरा शून्यावर. पाकिटातलं फरसाण १२ वरून ५ वर. साबण, शाम्पू, टूथपेस्ट आणि केसांचं तेल १८ वरून थेट ५ वर. वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के कर पूर्ण गेला.

सलूनची गंमत मात्र बारकाईने बघण्यासारखी आहे. सलून, ब्यूटी पार्लर, जिम यांचा कर १८ वरून ५ झाला. मग केस कापायचे पैसे १३ टक्क्यांनी का उतरले नाहीत, असं गिऱ्हाईक विचारतं. कारण नव्या ५ टक्क्यांसोबत इनपुट टॅक्स क्रेडिट मिळत नाही. समजा डोंबिवलीत एका पार्लरचं भाडं महिना ५० हजार आहे. त्यावर १८ टक्क्यांनी ९ हजार जीएसटी. पूर्वी हे ९ हजार आपल्या गिऱ्हाइकांकडून गोळा केलेल्या करातून वजा करता यायचे. आता ते सरळ खर्चात जातात. आणि घरमालक जीएसटीत नोंदणीकृत नसला तरी सुटका नाही! १० ऑक्टोबर २०२४ पासून भाडेकरू नोंदणीकृत असेल तर व्यापारी गाळ्याच्या भाड्यावरचा कर त्यानेच भरायचा असतो. पार्लरवाल्या ताईंनी दर थोडेच उतरवले असतील, तर त्या नफेखोरी करतायत असं लगेच समजू नये.

लहानांसाठी लक्षात ठेवायचे आकडे दोनच: मालाच्या विक्रीला वर्षाला ४० लाख आणि सेवेला २० लाख. त्याखाली उलाढाल असेल तर सर्वसाधारणपणे नोंदणी लागत नाही. गावदेवी किंवा लक्ष्मी मार्केटात ताजी भाजी विकणाऱ्या मावशींच्या भाजीवर तर जीएसटीच नाही. क्यूआर कोड लावला म्हणून कोथिंबिरीवर कर बसत नाही.

चहा कशाला म्हणायचं? आणि अशाच चटकदार गोष्टी

अन्नसुरक्षा प्राधिकरणाने डिसेंबर २०२५ मध्ये बजावलं की चहा हे नाव फक्त चहाच्या झाडाच्या पानांपासून बनलेल्या पेयालाच लावता येईल. गोकर्णाच्या निळ्या फुलांचा काढा कितीही छान लागला तरी त्याच्या पाकिटावर 'टी' छापायचं नाही. त्याआधी ऑक्टोबर २०२५ मध्ये असाच दणका 'ओआरएस' नाव लावणाऱ्या गोड पेयांना बसला होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे बनलेल्या द्रावणालाच आता ओआरएस म्हणता येतं. जुलाबाने हैराण झालेल्या पोराच्या हातात साखरेचं पाणी देणाऱ्या आई-वडिलांची फसवणूक यामुळे थांबली. माझ्या मते हा गेल्या काही वर्षांतला सगळ्यात मोलाचा लेबलचा नियम.

मिठाईच्या दुकानात काचेमागच्या सुट्ट्या पेढ्यांच्या ताटासमोर 'या तारखेपर्यंत खाण्यास योग्य' अशी पाटी हवी. हा नियम १ ऑक्टोबर २०२० चा. दिसली नाही तर विचारा, ते तुमचं काम आहे.

तळणीच्या तेलालाही मर्यादा आहे. पुन्हापुन्हा तापवलं की तेलात काही घातक संयुगं वाढत जातात. त्यांचं प्रमाण २५ टक्क्यांपुढे गेलं की ते तेल वापरायला बंदी आहे. हे १ जुलै २०१८ पासून. वडापाव वर्तमानपत्रात गुंडाळू नका, असंही प्राधिकरण २०१६ पासून बजावतंय, कारण छपाईची शाई गरम तेलासोबत पोटात जाते.

सोनं घेताना भिंगातून दागिन्याच्या आतल्या बाजूला बघा. हॉलमार्कच्या त्रिकोणाजवळ अक्षरं आणि आकडे मिळून सहा खुणा दिसतात. तो एचयूआयडी, म्हणजे त्या एकाच दागिन्याचा क्रमांक. १ एप्रिल २०२३ पासून त्याच्याशिवाय नवा दागिना विकता येत नाही. 'बीआयएस केअर' अ‍ॅपमध्ये तो टाकला की कुठल्या सराफाचा, किती कॅरटचा, हे काउंटरवर उभ्या उभ्या कळतं. ४० लाखांखाली वार्षिक उलाढाल असलेल्या सराफांना यातून सूट आहे.

आणि बिल करताना 'मॅडम, मोबाइल नंबर?' नंबर दिल्याशिवाय बिल नाही, असा आग्रह धरता येणार नाही, हे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्येच दुकानदारांना सांगितलं. आता तर नोव्हेंबर २०२५ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचे नियमही जाहीर झाले. मुख्य तरतुदींना १८ महिन्यांची मुदत आहे आणि माहिती सांभाळण्यात हयगय झाली तर दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो. गिऱ्हाइकांच्या नंबरांची वही काउंटरवर उघडी ठेवण्याचे दिवस संपत आले.

पंचेचाळीस दिवस

आता जरा थांबून, कारण पैसा इथे आहे.

ठाण्याची वागळे इस्टेट ही एमआयडीसीची पहिली वसाहत. महामंडळ १ ऑगस्ट १९६२ ला स्थापन झालं आणि सुरुवात ठाण्यातून झाली. तिथल्या आणि डोंबिवलीतल्या लहान कारखानदाराशी दहा मिनिटं बोला, कच्च्या मालाआधी तो अडकलेल्या पैशाचं बोलेल. माल गेला, बिल गेलं, मोठी कंपनी म्हणते 'पुढच्या महिन्यात बघू.' बँकेचं व्याज मात्र पुढच्या महिन्यापर्यंत थांबत नाही.

या माणसासाठी कायदा आहे आणि तो चांगला धारदार आहे. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचे असतात. 'आमची पॉलिसी ९० दिवसांची आहे' या वाक्याला कायद्यात काडीची किंमत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. बँक रेट साडेपाच टक्के धरला तर साडेसोळा टक्के! आणि हे व्याज देणाऱ्याला प्राप्तिकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही.

तरीही मोठे लोक पैसे अडकवत राहिले, कारण लहान माणूस गिऱ्हाईक तुटेल म्हणून तक्रारच करत नाही. म्हणून १ एप्रिल २०२४ पासून सरकारने वेगळी कळ दाबली. प्राप्तिकर कायद्यात कलम ४३बी(एच) आलं: मुदतीत पैसे दिले नाहीत, तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत त्या खरेदीची वजावट नाही. तक्रार करायची गरजच उरली नाही. मोठ्या कंपनीचा सीए आता मार्च महिन्यात स्वतःच यादी काढून बसतो. एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याची जागा २०२५ चा नवा कायदा घेतो, त्यात कलमांचे क्रमांक वेगळे आहेत. जुना क्रमांक पाठ केलेल्यांनी ते ध्यानात ठेवावं.

दोन अटी नीट समजून घ्या. हे संरक्षण उत्पादक आणि सेवा देणाऱ्यांना आहे, नुसत्या व्यापाऱ्याला नाही. आणि 'उद्यम' नोंदणी हवी. ती ऑनलाइन होते आणि पूर्ण फुकट आहे, त्यासाठी पैसे मागणाऱ्या एजंटाला सरळ नमस्कार करावा. १ एप्रिल २०२५ पासून व्याख्याही रुंदावली: गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत आणि उलाढाल १० कोटींपर्यंत असलेला उद्योग आता सूक्ष्म, तर २५ कोटी आणि १०० कोटींपर्यंतचा लघु. काल जो या छत्रीबाहेर होता, तो आज आत आलेला असू शकतो. तसंच २५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना ट्रेड्स या बिलवटणावळीच्या मंचावर नोंदणी सक्तीची झाली आहे. मोठ्या कंपनीने मान्य केलेलं बिल तिथे ठेवून लहान कारखानदाराला लगेच पैसे उचलता येतात.

डोंबिवलीचे रंग

जानेवारी २०१४ मध्ये डोंबिवलीत हिरवट पाऊस पडला. फेब्रुवारी २०२० मध्ये एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला आणि तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे तो बघायला आले. देशभर या बातम्या गंमत म्हणून वाचल्या गेल्या. डोंबिवलीकराला त्यात गंमत वाटत नाही. २६ मे २०१६ ला प्रोबेस कंपनीत स्फोट होऊन १२ जणांचा जीव गेला, काचा तर दूरवरच्या घरांच्या फुटल्या. २३ मे २०२४ ला अमुदान केमिकल्समधला रिअ‍ॅक्टर फुटला, दहाहून अधिक माणसं गेली.

त्यानंतर बॉयलरचा कायदा बदलला. १९२३ चा ब्रिटिशांच्या वेळचा कायदा शंभरी ओलांडून निवृत्त झाला आणि बॉयलर्स कायदा २०२५ आला. सात गुन्ह्यांपैकी तीन किरकोळ गुन्ह्यांना आता तुरुंग नाही, नुसता दंड. जीवित-मालमत्तेला धोका होईल असे चार गुन्हे फौजदारीच राहिले. ही वाटणी मला योग्य वाटते. पण रिअ‍ॅक्टर म्हणजे बॉयलर नव्हे. रसायनं शिजवणाऱ्या त्या भांड्याची तपासणी कारखाना सुरक्षेच्या नियमांत येते आणि डोंबिवलीला खरी गरज त्या तपासणीची आहे.

कामगार कायद्यांतही २१ नोव्हेंबर २०२५ ला मोठी उलथापालथ झाली. २९ कायदे गेले, ४ संहिता आल्या. प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र, चाळिशी ओलांडलेल्यांची वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी, ठरावीक मुदतीच्या कामगाराला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी. काम सोडलं किंवा सुटलं तर दोन कामकाजाच्या दिवसांत हिशेब चुकता करायचा, हेही त्यात आहे. 'पुढच्या दहा तारखेला ये' हे आता चालत नाही.

पी५१७ म्हणजे ठाणे

महारेराचे अनेक वर्षांचे नोंदणी क्रमांक बघा. ठाणे जिल्ह्यातला प्रकल्प असेल तर सुरुवात पी५१७ ने होते. मुंबई उपनगराची ५१८ ने, पुण्याची ५२१ ने. हे आकडे आले २०११ च्या जनगणनेतल्या जिल्हा क्रमांकांवरून. जाहिरातीवर ठाणे आणि क्रमांकावर दुसराच जिल्हा दिसला, तर तिथेच प्रश्न विचारावा.

पण नुसता क्रमांक पुरत नाही, हे कल्याण-डोंबिवलीने फार महाग किंमत मोजून शिकवलं. इथे ६५ इमारतींसाठी महापालिकेच्या बनावट बांधकाम परवानग्या तयार झाल्या आणि त्या जोडून महारेराचे नोंदणी क्रमांक मिळवले गेले. क्रमांक खरा, पायाखालचा कागद खोटा! बँकांची कर्जं झाली, घरं विकली गेली, माणसं राहायला आली. वास्तुविशारद संदीप पाटील यांनी हे उच्च न्यायालयात नेलं. १९ नोव्हेंबर २०२४ ला न्यायालयाने तीन महिन्यांत या इमारती पाडण्याचा आदेश दिला. ज्यांनी आयुष्याची पुंजी घातली त्या कुटुंबांच्या पायाखालची जमीन सरकली. खोटे शिक्के मारणारे वेगळेच आणि रात्रभर जागणारे वेगळेच, याचा राग यायलाच हवा.

यातून घर घेणाऱ्यासाठी एक सवय निघते. १ ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पाच्या जाहिरातीवर क्यूआर कोड सक्तीचा आहे. तो स्कॅन करून महारेराच्या पानावरचं बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र उतरवून घ्या, त्यावरचा क्रमांक आणि तारीख टिपा आणि ती परवानगी आपण दिली आहे का, हे थेट महापालिकेच्या नगररचना विभागाला विचारा. बिल्डरच्या कार्यालयात दाखवलेल्या फाइलवर भागवू नका.

१९८८ चं वर्ष अजून संपलेलं नाही

ऑगस्ट २०२५ मध्ये कल्याण-डोंबिवली महापालिकेने स्वातंत्र्यदिनी मांसविक्रीची दुकानं बंद ठेवायचा आदेश काढला आणि राज्यभर गदारोळ झाला. अजित पवारांनी सरकारात असूनही नापसंती दाखवली. पालिकेचं उत्तर होतं की हे १९८८ च्या ठरावानुसार दरवर्षीच होतं. धंदा करणाऱ्याने नव्या अधिसूचनांइतकेच आपल्या पालिकेचे जुने ठराव वाचायला हवेत, ते असे अचानक जागे होतात.

आणि १९८८ चाच आणखी एक वारसा तुमच्या पगारपत्रकात बसलाय. व्यवसाय कर दरमहा २०० रुपये कापला जातो, पण फेब्रुवारीत ३००. का? त्या वर्षीच्या घटनादुरुस्तीने या कराची कमाल मर्यादा माणशी वर्षाला २,५०० रुपये केली. अकरा महिन्यांचे २,२०० आणि फेब्रुवारीचे ३००, झाले बरोबर अडीच हजार. महाराष्ट्रात हा कर १९७५ चा आणि तो बसवला गेला रोजगार हमी योजनेला पैसा मिळावा म्हणून. दुष्काळी भागातल्या नालाबांधाच्या कामांना शहरातल्या पगारदाराचे पैसे लागलेत.

महिलांना मात्र १ एप्रिल २०२३ पासून महिना २५ हजारांपर्यंतच्या पगारावर हा कर नाही. आधी ही मर्यादा १० हजार होती. दुकानात, दवाखान्यात, शिकवणीच्या वर्गात काम करणाऱ्या कितीतरी जणी या पगारात आहेत. त्यांच्यापैकी कुणाचे अजूनही २०० रुपये कापले जात असतील, तर मालकाला पगारपत्रक दाखवून ते परत मागावेत.